विश्लेषण : सुदेहाने मूल मारले, हे मुलांना सांगायचे का? पुराणकथा बालवाचकांपर्यंत नेताना काय राहते, काय गळते?

शालेय सहलींच्या हंगामात वेरूळच्या कैलास लेण्यात मुलांची रांग लागते. मंडपाच्या दक्षिणेकडील बाहेरच्या भिंतीवर रामायण कोरलेले आहे आणि उत्तरेकडील भिंतीवर महाभारत व कृष्णकथा. चित्रकथेच्या पुस्तकातल्या चौकटींप्रमाणे प्रसंग आडव्या ओळींत मांडलेले आहेत. मात्र दगडावर मजकूर नाही. कोण वानर, कोण राक्षस, पुढे काय झाले, हे ज्याला गोष्ट आधीपासून माहीत आहे त्यालाच कळते. ही गोष्ट मुलांना आज कुठून कळते? आजी-आजोबांपेक्षा पुस्तक, मालिका आणि मोबाइलवरील चित्रफितींकडून. त्यामुळे मुलांच्या पुस्तकात पुराणकथा कशी लिहिली जाते, काय गाळले जाते आणि ते कोण ठरवते, हे प्रश्न महत्त्वाचे ठरतात. वेरूळ, अजिंठा आणि पैठण ही तिन्ही ठिकाणे असलेल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात या प्रश्नांना पुस्तकाबाहेरचाही संदर्भ आहे.

कथा नव्याने सांगण्याची परंपरा किती जुनी?

पुराणकथा सोपी करून सांगितली की ‘मूळ’ बिघडते, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. पैठणचा इतिहास वेगळे सांगतो. प्रतिष्ठान, म्हणजे आजचे पैठण, ही सातवाहनांची राजधानी. याच सातवाहन राजाच्या दरबाराशी गुणाढ्याच्या ‘बृहत्कथे’चे नाव जोडले जाते. मूळ ग्रंथ आज उपलब्ध नाही. अकराव्या शतकात काश्मीरमध्ये सोमदेवाने संस्कृतात रचलेल्या ‘कथासरित्सागरा’त त्याची आख्यायिका येते.

राजा राण्यांसह जलक्रीडा करत होता. ‘माझ्यावर पाणी उडवू नका’ असे एक राणी संस्कृतात म्हणाली. संधीमुळे राजाला त्यात ‘मोदक’ ऐकू आले आणि त्याने खरोखरच मोदक मागवले. राणी हसली, राजा खजील झाला. संस्कृत शिकवायला सहा वर्षे लागतील, असे गुणाढ्य म्हणाला. शर्ववर्मा म्हणाला, सहा महिने पुरेत. पैज गुणाढ्य हरला आणि त्याने संस्कृत, प्राकृत व देशी या तिन्ही भाषा सोडल्या. मग त्याने पैशाची भाषेत सात लाख श्लोकांची कथा लिहिली. राजाने ती नाकारली तेव्हा तो जंगलात बसून एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवी आणि अग्नीत टाकी. सहा लाख श्लोक जळाले. राजाला उपरती झाली तेव्हा एक लाख उरले होते.

आख्यायिका म्हणूनच ती वाचायला हवी. पण गोष्ट कोणत्या भाषेत सांगायची आणि ती कोणासाठी, हा वाद या भूमीशी किती जुन्या काळापासून जोडला गेला आहे, ते त्यातून दिसते. मुलांच्या ओळखीची ‘विक्रम-वेताळा’ची कथामालिकाही याच ‘कथासरित्सागरा’त सामावलेली आहे.

संत एकनाथांनी काय वेगळे केले?

तेराव्या शतकाच्या अखेरीस महानुभाव पंथातील महदंबेने ‘धवळ्यां’मधून रुक्मिणी-कृष्णाच्या विवाहाची कथा मराठीत गायली. सोळाव्या शतकात पैठणच्या एकनाथांनी ‘रुक्मिणी स्वयंवर’ लिहिले, भागवताच्या एकादश स्कंधावर मराठीत टीका लिहिली आणि अखेरच्या काळात ‘भावार्थ रामायण’ हाती घेतले. युद्धकांडाच्या काही अध्यायांपर्यंत त्यांची रचना झाली व उर्वरित भाग गावबा या शिष्याने पूर्ण केला, असे परंपरा सांगते.

‘भावार्थ रामायण’ हे वाल्मीकींचे शब्दशः भाषांतर नाही. एकनाथांनी आपल्या श्रोत्यांचा विचार केला, मराठी घरांतले बोलणे आणले, काही प्रसंग फुलवले, त्यांत अध्यात्माचा अर्थ भरला. संस्कृत न जाणणाऱ्या माणसाला रामकथा आपली वाटावी, हा हेतू त्यामागे होता. आजचा बालसाहित्यिक मुलासाठी जे करू पाहतो, त्याची रीत यापेक्षा फार वेगळी नाही.

चित्रांची परंपराही याच नावाशी जोडलेली आहे. रामायण-महाभारतातील आख्याने सांगण्यासाठी चित्रकथी समाज वापरत असलेली एकोणिसाव्या शतकातील चित्रे कलेच्या अभ्यासात ‘पैठण चित्रशैली’ म्हणून ओळखली जातात. सुट्या पानांची पोथी, एकेक पान समोर धरायचे आणि वाद्याच्या साथीने गोष्ट गायची. ही कला सिंधुदुर्गातील पिंगुळी गावात टिकून आहे. तेथील परशुराम गंगावणे यांना २०२१मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

मुलांसाठी छापील पुराणकथा कशा वाढल्या?

वासुदेव गोविंद आपटे यांनी १९०६मध्ये ‘आनंद’ मासिक सुरू केले आणि मराठी मुलांना स्वतःचे नियतकालिक मिळाले. ‘चंदामामा’ १९४७मध्ये तेलुगू व तमिळमध्ये सुरू झाले. त्याची मराठी आवृत्ती ‘चांदोबा’ १९५२पासून घरोघरी पोहोचली आणि मराठवाड्यातल्या एसटी स्थानकांवरच्या स्टॉलवरही ती मिळू लागली. बालभारतीचे ‘किशोर’ १९७१मध्ये सुरू झाले. त्याचे जुने अंक आता बालभारतीने संगणकावर मोफत उपलब्ध केले आहेत.

मोठा बदल घडवला तो ‘अमर चित्र कथे’ने. दूरचित्रवाणीवरील एका प्रश्नमंजूषेत दिल्लीच्या मुलांना ग्रीक देवतांबद्दलचे उत्तर आले, पण रामाच्या आईचे नाव आले नाही. हे पाहून अनंत पै यांनी १९६७मध्ये ही मालिका उभी केली, असे त्यांनी स्वतः अनेकदा सांगितले होते. राम वाईरकर, प्रताप मुळीक या मराठी चित्रकारांचा तिच्या घडणीत मोठा वाटा होता. मराठीसह अनेक भारतीय भाषांत ही पुस्तके निघाली. राम, कृष्ण, हनुमान, द्रौपदी कशी दिसते, याची एका पिढीच्या मनातली प्रतिमा या पानांवरून तयार झाली.

या यशाची दुसरी बाजूही अभ्यासकांनी दाखवली. देव गोरे वा निळे, असुर काळे आणि राकट, स्त्रिया बहुधा सोशीक, असा साचा पडत गेला. प्रादेशिक, लोकपरंपरेतील आणि स्त्रियांनी गायलेल्या कथा मागे पडल्या. अमेरिकी अभ्यासक कार्लीन मॅक्लेन यांनी २००९मध्ये या मालिकेवर संपूर्ण पुस्तक लिहिले. त्याच वेळी या मालिकेने बाबासाहेब आंबेडकरांवर १९७९मध्ये अंक काढला आणि जातककथांचे अनेक अंक दिले, हेही नोंदवायला हवे.

घृष्णेश्वराची कथा मुलांना सांगताना अडचण कुठे येते?

वेरूळच्या लेण्यांजवळच बारावे ज्योतिर्लिंग मानले गेलेले घृष्णेश्वर मंदिर आहे. शिवपुराणातील त्याची कथा अशी : सुधर्मा आणि सुदेहा हे दाम्पत्य निपुत्रिक होते. सुदेहाने आग्रहाने आपली बहीण घुश्मा हिचा विवाह आपल्याच पतीशी लावून दिला. घुश्मा रोज १०१ पार्थिव शिवलिंगे करून पूजत असे आणि तळ्यात विसर्जित करत असे. तिला मुलगा झाला. सुदेहाच्या मनात मत्सर वाढत गेला. मुलगा मोठा झाला, त्याचे लग्न झाले, तेव्हा एका रात्री तिने त्याला ठार करून त्याच तळ्यात टाकले. घुश्मेने पूजा मोडली नाही. विसर्जनासाठी ती तळ्यावर गेली तेव्हा मुलगा जिवंत परत आला. शंकर सुदेहाला शिक्षा करू निघाले. घुश्मेने बहिणीसाठी क्षमा मागितली आणि देवाने येथेच राहावे, असा वर मागितला.

या एका कथेत दुसरे लग्न आहे, मूल नसलेल्या स्त्रीची कुचंबणा आहे, खून आहे आणि क्षमाही आहे. मुलांच्या पुस्तकात सहसा तीन मार्ग दिसतात. पहिला, खून गाळून ‘मुलगा तळ्यात पडला आणि देवाने वाचवला’ असे लिहायचे. मग घुश्मा क्षमा कशाची मागते, हेच कळत नाही आणि कथेचा कणा मोडतो. दुसरा, सुदेहाला सरळ ‘दुष्ट’ ठरवायचे. मग जिने स्वतः बहिणीला घरात आणले ती अशी का वागली, हा प्रश्न उरतो. घरीदारी निपुत्रिक बाई पाहणाऱ्या मुलाच्या मनात तिच्याविषयी नकळत अढी बसते, ते वेगळेच.

तिसरा मार्ग वयाप्रमाणे कथा सांगण्याचा आहे. पाच-सहा वर्षांच्या मुलाला मातीची शिवलिंगे, तळे आणि परत आलेला मुलगा एवढे पुरते. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला मत्सर समजतो, कारण भावंडांत त्याने तो अनुभवलेला असतो. सुदेहाने वाईट कृत्य केले आणि बहिणीने तिला शिक्षा होऊ दिली नाही, हे त्याला सांगता येते. मृत्यू लपवण्याची गरज नसते, रक्ताचे वर्णन मात्र टाळता येते. चौदाव्या वर्षी सुदेहाच्या बाजूने विचार करायला लावता येते : गावाने तिला काय म्हटले असेल? मूल झाल्यावर तिची घरातली जागा कशी बदलली? क्षमा केली म्हणून गुन्हा पुसला जातो का? कथा तीच राहते, वाचक जसा वाढतो तशी तिची दारे उघडत जातात.

एकलव्य आणि शंबूक पुस्तकात कसे येतात?

पुराणकथेतला सर्वात अवघड भाग हिंसेपेक्षा अन्यायाचा आहे. आदिपर्वात द्रोणाचार्य एकलव्याला निषाद म्हणून नाकारतात. पुढे अर्जुनाला दिलेला शब्द राहावा, यासाठी त्याचा अंगठा मागतात. मुलांच्या अनेक पुस्तकांत ही कथा ‘आदर्श गुरुभक्ती’ या एका तात्पर्यावर संपते. नकार का मिळाला, हे एका वाक्यात उरकले जाते किंवा गाळले जाते. वर्गात ही गोष्ट ऐकणाऱ्या, ज्याच्या आजोबांना शाळेत बाहेर बसवले गेले होते अशा मुलाला ते तात्पर्य वेगळे ऐकू येते.

रामायणाबाबत पुस्तक कुठे संपते, हाच मोठा निर्णय असतो. राज्याभिषेकावर संपवले तर सीतात्याग आणि शंबूकवध हे उत्तरकांडातले प्रसंग आपोआप बाहेर राहतात. लहान मुलांसाठी तसे करण्यात गैर नाही. पण मोठ्या मुलांच्या पुस्तकातही ते प्रसंग नसतील, तर त्यांना ते समाजमाध्यमांवरच्या भांडणातून, अर्धवट आणि संतापाच्या सुरात कळतात.

या शहराचे या वादाशी जुने नाते आहे. बाबासाहेब आंबेडकरांनी येथे मिलिंद महाविद्यालय उभारले. डॉ. गंगाधर पानतावणे यांचे ‘अस्मितादर्श’ नियतकालिक येथूनच निघत असे आणि दलित साहित्याच्या अनेक लेखकांना त्याने व्यासपीठ दिले. एकलव्य, शंबूक, कर्ण यांच्याकडे त्यांच्या बाजूने पाहण्याची दृष्टी मराठीत रुजली, त्यात दलित साहित्याचा वाटा मोठा आहे. ती दृष्टी प्रौढ साहित्यात स्थिरावली, बालसाहित्यात मात्र तितकी उतरलेली दिसत नाही.

पुराणकथा म्हणजे फक्त रामायण-महाभारत का?

वेरूळमध्ये १ ते १२ क्रमांकाची लेणी बौद्ध, १३ ते २९ हिंदू आणि ३० ते ३४ जैन आहेत. एका फेरीत मूल तीन परंपरांच्या कथांसमोरून जाते. अजिंठ्यात तर भिंतीच जातककथांनी भरलेल्या आहेत. सहा दातांच्या छद्दंत हत्तीची कथा लेणे क्रमांक १० आणि १७मध्ये आढळते. मत्सरी राणी शिकाऱ्याला पाठवते, हत्ती स्वतःच त्याला दात कापू देतो आणि ते दात पाहून राणीचे काळीज फाटते. सतराव्या लेण्यातच विश्वंतर राजपुत्राची कथा आहे. दानाचे व्रत पाळताना तो आपली मुलेही देऊन टाकतो.

ही कथाही मुलांसाठी सोपी नाही. ‘बाबांनी मुलांना का दिले?’ हा प्रश्न कोणतेही मूल विचारेल. उत्तम दानाचे उदाहरण म्हणून ती सांगणे आणि त्या मुलांच्या भीतीबद्दल एक शब्दही न लिहिणे, ही एकलव्याच्या कथेतलीच चूक पुन्हा करणे होय. दुर्गा भागवत यांनी जातककथा ‘सिद्धार्थ जातक’ या सात खंडांत मराठीत आणल्या. त्यामुळे लेखकांसाठी मराठीत भक्कम आधार आहे. त्यातून वयानुसार, चांगल्या चित्रांसह पुस्तके घडवण्याला अजून मोठा वाव आहे.

कुमारवयीन वाचकांसाठी मराठीत काय आहे?

१९६७ हे वर्ष येथे लक्षणीय ठरते. ‘अमर चित्र कथे’च्या जन्माच्या याच वर्षी शिवाजी सावंत यांची कर्णावरील ‘मृत्युंजय’ आणि इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ प्रसिद्ध झाले. ‘युगान्त’ला पुढच्या वर्षी साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्याआधी वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ १९५९मध्ये आली होती. ही पुस्तके प्रौढांसाठी लिहिलेली. तरीही मराठी मुले आठवी-नववीत ‘मृत्युंजय’ वाचत आली आहेत. लहानपणीच्या चित्रकथेवरून थेट जाडजूड कादंबरीवर उडी, असा हा प्रवास. मधली फळी विरळ राहिली.

जगात ही फळी भरून निघाली ती रिक रिऑर्डन यांच्या पर्सी जॅक्सन मालिकेने. २००५मध्ये आलेल्या पहिल्या पुस्तकातला नायक वाचनात अडखळणारा, वर्गात स्थिर न बसणारा मुलगा आहे आणि त्याचे वडील ग्रीक देव आहेत. रिऑर्डन यांनी ही गोष्ट आपल्या मुलासाठी रचली होती. पुढे त्यांच्याच पुढाकाराने सुरू झालेल्या प्रकाशनमालेत २०१८मध्ये रोशनी चोक्शी यांची आरू शाह ही नायिका आली. अटलांटातील संग्रहालयात राहणारी बारा वर्षांची मुलगी निषिद्ध दिवा लावते आणि पांडवांचा वारसा तिच्या वाट्याला येतो. भारतातही समहिता अर्नी यांनी स्वतः मूल असताना लिहिलेले व चितारलेले महाभारत १९९६मध्ये प्रसिद्ध झाले. देवदत्त पटनायक यांनी २०१६मध्ये सीतेच्या निवडींवर आधारित मुलांचे पुस्तक लिहिले.

ही पुस्तके मुळात इंग्रजीत आहेत. इंग्रजी माध्यमातील मुलांना पांडव इंग्रजीतून भेटतात आणि मराठी माध्यमातील मुलांसाठी नव्या पद्धतीची पुस्तके कमी, अशी दरी तयार होते. कैलास लेण्याच्या सावलीत घडणाऱ्या साहसकथेसाठी अटलांटापेक्षा वेरूळ ही अधिक साजेशी जागा. पण असे पुस्तक लिहिणारा लेखक, चित्रकार आणि ते ग्रामीण शाळांपर्यंत नेणारी व्यवस्था हे तिन्ही एकत्र यावे लागतात.

आख्यायिका आणि इतिहास यांची सरमिसळ कशी टाळायची?

कैलास लेण्याबद्दल कृष्ण याज्ञवल्कीच्या ‘कथाकल्पतरू’त एक आख्यायिका आहे. राजाचा आजार बरा झाला तर शिवाचे मंदिर बांधीन आणि त्याचा कळस दिसेपर्यंत अन्न घेणार नाही, असे व्रत राणीने केले. मंदिर पायापासून बांधायचे तर राणी उपाशी मरणार. मग पैठणच्या कोकस नावाच्या कारागिराने कळसापासून काम सुरू केले. हे लेणे खरोखरच वरून खाली कोरलेले आहे, त्यामुळे गोष्ट मुलांना लगेच पटते. इतिहास मात्र आठव्या शतकातील राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्याकडे बोट दाखवतो आणि त्याला ताम्रपटाचा आधार आहे.

चांगले पुस्तक दोन्ही देते आणि दोन्हींत फरक करते : ‘लोक असे सांगतात’ आणि ‘पुरावा असे सांगतो’. गोष्ट खोटी ठरत नाही आणि इतिहासही झाकला जात नाही. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला हा फरक सहज कळतो. तो न शिकवल्यास पुढे एखादी ‘फॉरवर्ड’ झालेली चित्रफीतही त्याला पुराव्याइतकीच खरी वाटू लागते.

पालक, शिक्षकांनी पुस्तक निवडताना काय पाहावे?

पहिली गोष्ट, पुस्तक कोणत्या ग्रंथावर किंवा परंपरेवर आधारलेले आहे, हे त्यात सांगितले आहे का. वाल्मीकी, एकनाथ, लोककथा यांपैकी कोणाची कथा आपण वाचतो, हे मुलालाही कळायला हवे. दुसरी, कोणत्या वयासाठी लिहिले आहे आणि काय सोडले आहे, याची सूचना प्रस्तावनेत आहे का. तिसरी, चित्रांत रंग, जात, देहयष्टी यांवरून चांगला-वाईट ठरवला आहे का. चौथी, शेवटी एकच तात्पर्य लादले आहे की मुलाला विचारायला जागा ठेवली आहे.

शाळांसाठी एक साधा उपाय हाताशी आहे. सहलीपूर्वीच्या आठवड्यात वेरूळ किंवा अजिंठ्यातील तीन-चार कथा वर्गात वाचून घ्यायच्या, मग भिंतीवर त्या शोधायला मुलांना सांगायचे. परत आल्यावर शिल्पकाराने पुस्तकातले काय दाखवले नाही आणि पुस्तकाने शिल्पातले काय सोडले, हे लिहून घ्यायचे. कैलासातला रावणाशी झुंजणारा जटायू किंवा सेतूसाठी दगड वाहणारी वानरे पाहून मूल जे लिहील, त्यात त्याची स्वतःची निवड असेल. शिल्पकाराने आणि एकनाथांनी आपापल्या काळात अशीच निवड केली होती.